तीसपैकी सत्तावीस

"आणि सध्या ऋतू कोणता चाललाय, डॉक्टर?" नर्सनं विचारलं.

खिडकीबाहेर गारा पडत होत्या आणि त्याच वेळी लख्ख ऊनही होतं. एडिनबरात एप्रिलअखेर हे असंच; तक्रार करण्यात अर्थ नाही. डॉक्टर टिपणिसांनी बाहेर पाहिलं. समोर मेडोजच्या मैदानात चेरीची झाडं वरपासून खालपर्यंत गुलाबी झाली होती आणि त्यांच्याखाली चारदोन पोरं टी-शर्टवर कुडकुडत फोटो काढत होती.

"स्प्रिंग," ते म्हणाले. "इथे स्प्रिंग म्हणजे कोट घालून आइस्क्रीम खायचे दिवस."

नर्स हसली. कर्स्टी तिचं नाव. मेमरी क्लिनिकमधून घरी त्यांची स्मरणशक्ती तपासायला आली होती. तिनं कागदावर टिक केली. सोफ्याच्या कडेवर बसलेल्या त्यांच्या मुलीनं, अनुयानं, मघापासून धरून ठेवलेला श्वास सोडला.

तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि का लागू नये? गेल्या महिन्यात बाबा शेगडीवर दूध ठेवून फिरायला निघून गेले. शेजाऱ्यांना धूर दिसला म्हणून निभावलं. अनुया राहायची ब्रिस्टलला, आई जाऊन तीन वर्षं झालेली. आजची तपासणी नीट झाली तर बाबा याच घरात राहणार होते. नाही झाली तर ब्रिस्टलमध्ये तिच्या घराजवळच्या केअर होममध्ये एक खोली शुक्रवारपर्यंत धरून ठेवलेली होती. बाबांना तिनं तसं सांगितलंही होतं. "मला इथून हलवू नकोस," एवढंच ते म्हणाले, आणि ते काही तिच्या मनातून जात नव्हतं.

बाबांनी वर्ष सांगितलं, तारीख सांगितली, आपण कितव्या मजल्यावर बसलोय तेही सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करत पासष्टपर्यंत आले. बोट, पाव, खिडकी हे तीन शब्द पाच मिनिटांनी विचारले तर तिन्ही दिले, क्रमानं. तेही कसे, तर हळू, एकेक शब्द सुटा करून, नर्सच्या डोळ्यांत बघत. याच शहरातल्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांना हेच प्रश्न विचारण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ते कसले चुकताहेत.

"तीसपैकी सत्तावीस," निघताना दारात कर्स्टी अनुयाला म्हणाली. "माझ्या आईला एवढे पडायचे नाहीत. रोज कुणीतरी डोकावून गेलं तर सध्या इथे राहायला हरकत दिसत नाही. मी तसंच लिहिते."

गारा थांबल्या तसे बापलेक जिना उतरून मैदानात आले. तेवढ्यात अर्धं गाव बाहेर पडलं होतं. बारा डिग्रीत माणसं शर्ट काढून ओल्या गवतावर पसरली होती. हे इथल्या लोकांना कसं जमतं, देव जाणे. परीक्षेची पुस्तकं छातीवर ठेवून विद्यार्थी खुशाल झोपले होते. कुठेतरी सॉसेज भाजत होते, त्याचा धूर टेनिस कोर्टापर्यंत गेला होता. एका बाईनं बाळाला गवतावर उभं करायचा घाट घातला होता आणि गवत लागलं की ते दोन्ही पाय वर घेत होतं. बाबा थांबून ते बघत राहिले.

अनुयानं आइस्क्रीमच्या व्हॅनवरून दोन कोन आणले. "हे घ्या, बाबा, तुमचं आइस्क्रीम."

बाकावर पिशवी पसरून दोघं बसले. कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. बाबा इथेच राहणार. आपणच उगाच घाबरलो, दूध काय, कुणाचंही उतू जातं. एका हातात कोन धरून दुसऱ्या हातानं तिनं फोन काढला आणि केअर होमला मेल लिहायला घेतली, की खोलीची आता गरज नाही.

"अनू," बाबांनी आवाज खाली आणला. "मघाच्या त्या बाईंच्या घरी कोण असतं गं?"

"कोण, कर्स्टीच्या? मला नाही माहीत. का?"

"गोड आहेत. हसतात, बोलतात, वरवर कुणाला कळायचं नाही." बाबांनी कोनावरून ओघळणारं आइस्क्रीम रुमालानं टिपलं. "पण साल कुठलं, ते त्यांना माहीत नाही. महिना माहीत नाही. आपण कुठल्या शहरात आहोत, हेसुद्धा मलाच विचारलं त्यांनी. सगळं मी सांगितलं, तेव्हा कुठे लिहून घेतलं."

अनुयाचा अंगठा फोनवर होता तिथेच राहिला.

"आता एकटं ठेवायचं नाही त्यांना," बाबा म्हणाले. "आज ना उद्या काहीतरी होऊन बसेल."

तिला रडू फुटत होतं. समोरून माणसं जात-येत होती, त्यांच्याकडे बघत तिनं ते आवरलं.

"मुलंबाळं आहेत का त्यांना?"

"मुलगी आहे," अनुया म्हणाली. "एकच."

"मग बोलावून घे तिला. आधी ऐकायची नाही ती. आपण आपल्या माणसाला टाकतोय असं वाटतं मुलांना, फार त्रास करून घेतात." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. "तू नको सांगूस, तुला जमायचं नाही. मी सांगतो तिला समजावून."