दावं

पाकिटातल्या दुधावर शालिग्रामजींचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून रेल्वेतून निवृत्त होताच त्यांनी नातीसाठी गाय घेतली. रोज दुधाचा पेला स्वतः पोरीच्या ओठांना लावायचे, पाठीवरून हात फिरवायचे. गाय चरायची रायपूरबाहेरच्या कारखान्यांमागे, काळी राख बसलेल्या गवतावर. तिचं पहिलं वासरू आंधळं होऊन मेलं, तेव्हा त्यांनी नशिबाला बोल लावला. काल नातीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी घरचं दूध बंद करायला सांगितलं. "मामाजी, गाय विकून टाका," सून म्हणाली. "अन् दूध कोणाच्या पोट्टीले पाजू?" शालिग्रामजींनी विचारलं. कालपासून दाव्याला बांधलेलं दुसरं वासरू उपाशी हंबरत होतं. पाकिटातल्या दुधाला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. गाईचा पान्हा शेणात ठिबकत होता. शालिग्रामजींनी दावं सोडलं. वासरू लुचू लागलं, अन् गाय मायेनं त्याची पाठ चाटू लागली.