काशीला सोडलेला पोकळा

"बोला आजी, काय सोडायचं?" घाटावरच्या पंड्याने विचारलं तेव्हा भिकुबाई गुडघाभर गंगेत उभी होती. काशीला आलं की एक आवडती वस्तू जन्मभरासाठी सोडायची. नावडती सोडली तर पुण्य राहिलं बाजूला, वर पाप. तिच्या आधी पुष्पाबाईने डोळे पुसत सीताफळ सोडलं होतं.

"पोकळा," भिकुबाई म्हणाली.

सोनगीरहून एकाच मोटारीतून आलेल्या बायका हळहळल्या. बाई गं, पोकळा सोडला हिने, आता खाईल काय? भिकुबाईला ती पालेभाजी किती प्रिय आहे, हे उभ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तिला ती मुळीच आवडत नव्हती.

पस्तीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने, अभिमनने, विचारलं होतं, पोकळा आवडतो का. समोर सासू बसलेली. नव्या नवरीला नाही म्हणायची सोय होती का? तिने मान हलवली आणि जन्माची अडकली. अभिमनने हौसेने मोरीच्या पाण्यावर वाफा केला. पोकळ्याची जात मोठी चिवट. वरून खुडला की आठ दिवसांत खालून फुटतो. बहात्तर साली विहिरी आटल्या, गुरं छावणीत गेली, पण धुण्याभांड्यांच्या पाण्यावर हा मेला टिकून राहिला. गडीमाणसांच्या ताटात पाला वाढायचा नाही, तो बायांनी आणि ढोरांनी खावा, असा सासूचा खाक्या. सासू गेली, खाक्या राहिला. घरात वांग्याचं भरीत होवो की डाळबट्टी, भिकुबाईच्या ताटात पोकळा ठरलेला.

"तुनाकरता लायेल शे," अभिमन कौतुकाने म्हणायचा. खास आपल्यासाठी मायेनं लावलेलं नाकारायचं कसं? ती मुकाट्याने जून देठ चावायची. त्याला साबणाचा वास यायचा. कधी कधी इतका वीट यायचा की भाकरीचा तुकडा हातात धरून ती नुसतीच बसून राहायची.

म्हणून ती गंगामाईशी खोटं बोलली. परतीच्या प्रवासात तिचा डोळा लागला नाही. लागलं पाप तर लागू दे, असं ती मनाला सांगत राहिली. पोकळा तर सुटला.

घरी आल्यावर पुष्पाबाईने ही बातमी अभिमनला सांगितली. तो वाफ्याशी जाऊन उभा राहिला. भिकुबाईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दोन दिवस तिने डाळ-भाकरी पोटभर खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गडी जेवून उठले आणि भिकुबाई आणि सून जेवायला बसल्या. धाकट्या मुलाचं, सुकदेवचं, लग्न होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. सून कमल अजून पदराआडूनच बोलायची. अभिमन स्वतः चुलीपाशी आला आणि सकाळी त्यानेच खुडून शिजवायला दिलेल्या पोकळ्याचं पातेलं तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "सुकदेवनी मायनी सोडी दिधा. वाफा भरी पडेल शे. पोरी, तुले आवडस ना पोकळा?"

किती मायेने विचारलं होतं त्याने. कमलने सासूकडे चोरून पाहिलं. मग तिची मान खाली गेली आणि पदर होकारार्थी हलू लागला.

भिकुबाईने हातातला घास ताटात ठेवला. गप्प राहिलं तर काशी पदरात राहत होती. गल्लीतली अब्रू राहत होती, नवऱ्याचं मन राहत होतं. फक्त एक मान हलू द्यायची होती. ती फार थकली होती. तरी तिने हात लांबवून पातेलं सुनेपुढून ओढून घेतलं.

"तिले इचारू नका," ती म्हणाली. "काशीले मी खोटं बोलनू. माले पोकळा कधीच आवडना नही."

कमलचा पदर थांबला. अभिमन जागच्या जागी खाली बसला.

"पस्तीस वरीस?"

भिकुबाईने पातेलं खाली ठेवलं. त्याने पातेलं जवळ घेतलं, तिच्याच भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि जन्मात पहिल्यांदा पोकळ्याचा घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला.

"आशी लागस हाई?" तो म्हणाला.