टोंगातला आवाज

मुतिंताच्या डोक्यावर विचार वाचणारी जाळी चढवून, तिची वायर उशाजवळच्या बोलक्या डब्याला जोडून डॉक्टर हामूंगा बाजूला झाल्या. मेंदूच्या मलेरियाने ती सहा वर्षांची पोर बेशुद्ध होती. झांबियाच्या राजधानीतल्या एका मोठ्या रुग्णालयात असंच यंत्र लावून पाहिलं, तेव्हा ते गप्प राहिलं होतं. "आत काही उरलेलं नाही," असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी तिला या नदीकाठच्या गावी परत पाठवलं होतं.

"मग तुमचं यंत्र वेगळं काय सांगणार?" तिची आई लुयांडो म्हणाली.

"तिथल्या यंत्राला फक्त इंग्रजी कळतं. तुमची मुलगी विचार आपल्या टोंगा भाषेतच करणार ना? आम्ही याला टोंगा शिकवलीय. बोला तिच्याशी."

लुयांडो मुलीच्या कानाशी वाकली. "मुतिंता, बाळा, मी आलेय."

बराच वेळ डबा नुसता घरघरत राहिला. मग त्यातून सपाट आवाजात शब्द आले, "आई, मावशीला सांग ना, ओरडू नको. मला सगळं ऐकू येतं."

खाटेच्या पायथ्याशी मोठमोठ्याने प्रार्थना करणारी मावशी एकदम गप्प झाली. डॉक्टर हामूंगा हसायलाच लागल्या. "मेंदू शाबूत आहे हो! औषध चालू ठेवू. उठेल ती."

लुयांडोला रडू आवरेना. "तुला काय हवंय गं, बाळा?"

"तू घरी जाऊ नको," डबा म्हणाला.

लुयांडोने चपला काढल्या आणि ती खाटेवर चढून लेकीला बिलगून बसली.