राखाडी जाकीट

डॉक्टरांनी हात वर केला आणि सगळं स्टेडियम त्यांच्यावर ओरडलं.

हात वर म्हणजे खेळाडू बाहेर, हा लीगचा नियम होता. पण आज अंतिम सामना होता. घरचा संघ एका गोलने मागे होता आणि गवतावर गुडघा धरून बसला होता तो त्यांचा कप्तान. "मी खेळतो, मी खेळतो," असं तो सारखं म्हणत होता. कोच धावत आला. "इंजेक्शन द्या आणि सोडा त्याला!" डॉक्टरांनी हात खाली घेतला नाही. त्यांच्या अंगात राखाडी जाकीट होतं. लीगमधल्या एकाही क्लबचा रंग राखाडी नव्हता.

खालच्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर, एक पाय वाटेत लांब करून बसलेल्या म्हाताऱ्याने काठीची मूठ घट्ट धरली. शेजारच्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून त्याने तिथे टोपी ठेवली होती. नियम त्याच्या बायकोचा होता. ती लीगची अध्यक्ष होती आणि ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. ती होती तोवर क्लबांचे मालक गप्प होते. आता ते उघड म्हणत होते, नियम बाईंबरोबर गेला. आज डॉक्टरांचा हात खाली आला, तर तो खरंच जाणार होता.

"त्या वकीलबाईने खेळाची वाट लावली," मागून एक मफलरवाला म्हणाला. "स्वतः कधी बॉलला पाय लावला होता का?"

"छे," म्हातारा म्हणाला. "ऑफसाइड म्हणजे काय, ते शेवटपर्यंत कळलं नाही तिला."

खरंच होतं ते. ती भाडेकरूंच्या केसेस लढायची. मग एक जायबंदी खेळाडू तिच्याकडे आला. क्लबच्या डॉक्टरांनी त्याला दुखऱ्या पायावर खेळायला लावलं होतं. पाय कामातून गेला आणि क्लबने करार मोडला. लीगने क्लबची बाजू घेतली. ती दोघांविरुद्ध लढली आणि हरली. पण अशी लढली, की निकालानंतर लीगच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच तिला नोकरी देऊ केली. बरोबरचे वकील हसले. "ज्यांच्याशी भांडलीस, त्यांचंच मीठ खाणार?"

ती म्हणाली, "बाहेरून दार ठोठावून हात दुखले. आता आत जाऊन कडी काढते."

कडी निघायला बरीच वर्षं गेली. आधी तिच्याकडे करार तपासायचं काम आलं, मग कायदा विभाग, मग सगळी लीग. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत तिने मालकांना सुनावलं, "ज्याचा पगार तुम्ही देता, तो डॉक्टर आधी तुमचं तोंड बघतो, मग गुडघा. यापुढे डॉक्टर लीगचे."

मैदानावर क्लबचा मालकही उतरून आला होता. डॉक्टर तरुण होते. तरी त्यांचा हात वरच होता. रेफरीने एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि मग राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बोट दाखवलं. कोचने एक शिवी हासडली आणि बदली खेळाडू पाठवला.

"शाब्बास!" म्हातारा एकटाच ओरडला.

घरचा संघ हरला. लोक उठले. मफलरवाल्याचा राग गेला नव्हता. "काका, तुम्ही नक्की कोणाकडून?"

"राखाडीकडून."

म्हातारा उठायला लागला. लांब केलेला पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. रागात असूनही मफलरवाल्याने त्याला हात दिला.

"पायाला काय झालं?"

"इथेच लागलं होतं. त्या गोलसमोर. क्लबचे डॉक्टर म्हणाले, खेळ, काही होत नाही."

मफलरवाला थबकला. "मग केस नाही केलीत?"

"केली ना. हरलो." म्हाताऱ्याने शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि तो ताठ उभा राहिला. "पण वकील घरी आणली."