वर्तुळाबाहेरच्या कुरडया

"भिजल्या. परत भिजल्या," म्हणत सारिकाने बाजेपाशी बसकण मारली.

थोरल्या बहिणीच्या, स्नेहलताईच्या, रुखवतातल्या कुरडया होत्या त्या. लग्न रविवारी. उत्रोलीत ऊन असं की डोकं तापावं, आणि कुरडया मात्र चिकट. शेजारच्या रतनबाईंच्या भुईमुगातला स्प्रिंकलर गरगर फिरायचा आणि बांधावरून थेट अंगणात थुंकायचा.

सारिकाची आजी, अक्काबाई, बांधावर उभी राहून रतनबाईंचा उद्धार करत होती. सारिकाने शिव्या नाही, समीकरण काढलं. अकरावीला उगाच जात होती का ती? बांधाचा कोपरा शून्य, बांध म्हणजे x-अक्ष. y आपल्या अंगणात अधिक, रतनबाईंच्या बाजूला उणे. पावलं टाकली. स्प्रिंकलर (4, −3) वर, तो केंद्र. शेवटचा ओला डाग (10, 5) वर. फरक सहा आणि आठ, वर्गांची बेरीज शंभर.

(x − 4)² + (y + 3)² = 100.

बाज तिने (6, 8) वर नेली. उत्तर एकशेपंचवीस. शंभराच्या बाहेर.

"आता थेंब उडाला तर नाव बदलीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने बाजेकडं बोट केलं. "मग काय नाव ठिवायचं तुझं?"

स्प्रिंकलर हलला होता. केंद्रच बदललं होतं. सारिकाने चरफडत नवं समीकरण मांडलं, बाज ओढली. स्प्रिंकलर पुन्हा बाजेकडं सरकला. आजी पुन्हा बांधावर गेली, चांगली तासभर. कुरडया निम्म्या उरल्या.

आता मात्र सारिका तणतणत बांध ओलांडून गेली. रतनबाई पाइप सरकवतच होत्या.

"रतनआजी, तुमचा भुईमूग तिकडं सुकलाय आणि पाणी आमच्या बाजेवर?"

रतनबाईंनी पाइप खाली ठेवला. "चार वर्सं तुझी आजी माझ्याशी बोलत न्हवती. समोरनं जायची ती मान वळवून. त्या दिशी चुकून पानी उडालं, तवा बोलली. शिव्याच दिल्या, पन माझं नाव घिऊन दिल्या."

सारिकाने पाइप उचलून त्यांच्या हातात दिला.

"उद्या कुठं लावणार?" तिने विचारलं.

रतनबाईंनी जागा दाखवली.

सकाळी सारिकाने तिथून समीकरण काढलं. उरलेल्या सगळ्या कुरडया वर्तुळाबाहेर नेल्या. मग त्यातली एक उचलून वर्तुळाच्या आत आणून ठेवली, आणि आजीला हाक मारली.