धुतलेली कोळंबी

मृदुलाने फ्रीजरमधली बारीक कोळंबी चहाच्या गाळणीत धरून तिसऱ्यांदा धुतली. मासे जगतील, शेवाळाला पोसणारं पाणी मात्र गटारात जाईल. फिशटँकच्या काचेवरच्या त्या शेवाळात तिच्या मेलेल्या नवऱ्याची स्मृती साठवलेली होती. शेवाळ रोडावलं की आठवणी पुसट होत, फोफावलं की परतत.

“अगं, धुऊ नकोस! उपाशी मारतेस का?” टाकीवरच्या स्पीकरमधून श्रीधर कळवळला.

“माझा प्रबंध गच्चीवर जाळलात, तेव्हा मीही अशीच कळवळले होते.”

“कसला प्रबंध?”

तो खरंच विसरला होता. मृदुलाचा हात थांबला. कोळंबीची दुसरी वाटी तिने न धुता, पाण्यासकट टाकीत ओतली.

“जेवा पोटभर,” ती म्हणाली. “जाळल्याचं आठवलं, की पुन्हा धुवायला घेते.”