डब्यावरची मुलगी

जेनाबूने टेबलावरचा देणगीचा पत्र्याचा डबा उचलला आणि उजेडाकडे धरला. चेस्टनट भाजणाऱ्या बायकांचे हात थांबले. डब्यावर सात महिन्यांच्या एका पोरीचा फोटो होता. तिचा वरचा ओठ पार नाकापर्यंत फाटलेला होता. ती पोर म्हणजे जेनाबूच.

दोना लुसिंदाने मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. डबे सकाळीच आत ठेवायला हवे होते. पण आज सेंट मार्टिनचा दिवस. सगळं ब्रागांसा गाव चौकात चेस्टनट खायला आणि नवी वाइन चाखायला लोटलेलं. आज जे जमेल त्यावर जानेवारीची मोहीम निघायची. दर जानेवारीत इथले आठ-दहा डॉक्टर आणि नर्स रजा टाकून गिनी-बिसाऊ या दूरच्या गरीब देशात जातात, तीन आठवडे मुलांचे फाटलेले ओठ शिवतात आणि उन्हाने रापून परत येतात. त्यांची तिकिटं, टाक्यांचा दोरा, भुलीची औषधं, सगळं या डब्यांतूनच येतं. आणि डबे लुसिंदाचे. एकोणीस वर्षं तिने ते गावातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात आणि बेकरीत मांडले होते.

मध्ये एका वर्षी कुणीतरी शहाणपणा केला. फाटका ओठ कशाला दाखवायचा, बरा झालेला दाखवू, असं ठरलं. त्या वर्षी डबे हलके परत आले आणि मोहिमेवर दोन डॉक्टर कमी गेले. लुसिंदाने मुकाट्याने जुना फोटो परत चिकटवला. लोकांचा हात खिशात कशाने जातो, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं.

पण डब्यावरची पोर मोठी होऊन याच गावात नर्सिंग शिकायला येईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती सप्टेंबरात आली. डॉक्टर वाझनी तिच्या ओठावरचा व्रण पाहिला, नाव विचारलं, घरी जाऊन जुनी वही काढली. पहिल्या मोहिमेत आपण शिवलेला पहिलाच ओठ हा, हे कळल्यावर हा एवढा मोठा माणूस दुसऱ्या दिवशी भर वॉर्डात रडला. आजच्या कार्यक्रमात तिने चार शब्द बोलावेत, ही त्यांचीच हौस.

“पोरी, काढते मी तो फोटो,” लुसिंदा म्हणाली. “आत्ताच काढते. तुला बिचारीला लाज...”

“लाज कसली, मावशी? फाटका होताच की ओठ.” जेनाबूची नजर डब्यावरून हलली नव्हती. “हा अंगठा कुणाचा?”

फोटोच्या कडेला, पोरीच्या गालाखाली, एक अंगठा होता. इतक्या वर्षांत तो कुणाला दिसलाच नव्हता.

“आईचाच असणार,” जेनाबू म्हणाली. “मी तीन वर्षांची होते, तेव्हा ती बाळंतपणात गेली. तिचा एकही फोटो नाही आमच्याकडे. मला तिचा चेहरा आठवत नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, उंच होती. त्यापुढे तिलाही सांगता येत नाही. हा फोटो अख्खा असेल का कुणाकडे?”

“मला नको विचारूस,” बाजूलाच वाइनचा पेला घेऊन उभे असलेले डॉक्टर वाझ म्हणाले. “मला ओठ आठवतात, आया आठवत नाहीत. फोटो काढला आमच्या भूल देणाऱ्या मोराइशने, आणि तोही गेला आता. पण काळजी करू नकोस. एकच प्रत होती आणि ती लुसिंदाकडे दिली होती. ही बाई बसचं जुनं तिकीटसुद्धा टाकत नाही. काय लुसिंदा, कुठल्या खोक्यात आहे?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. जेनाबूने डबा छातीशी धरला होता. तिच्या तोंडावरची आशा लुसिंदाला बघवेना.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. घर बदलताना गहाळ झाला, माळ्यावर पाणी गळलं, काहीही चाललं असतं. वर सगळ्यांनी तिचीच समजूत काढली असती.

“नाहीये,” ती म्हणाली. “मी कापला तो. घरातल्याच कात्रीने. उरलेला तुकडा शेगडीत टाकला.”

डॉक्टर वाझनी हातातला पेला खाली ठेवला. जेनाबूने डबा जपून जागेवर ठेवला, बाक ओढला आणि लुसिंदाच्या समोर बसली. ती भडकली असती तर बरं झालं असतं, असं लुसिंदाला वाटलं.

“म्हणजे तुम्ही तिला पाहिलंय,” जेनाबू म्हणाली.

“पाहिलंय.”

“मग सांगा ना, मावशी. कशी होती?”

कापायच्या आधी तो फोटो लुसिंदाने कितीतरी वेळ हातात धरला होता. तो चेहरा तिला अजून लख्ख आठवत होता. तो का आठवतो, हेही ठाऊक होतं. तिने जेनाबूचा हात धरायला आपला हात पुढे केला, पण तो मध्येच टेबलावर राहिला.

“हसत होती, पोरी,” ती म्हणाली. “तुला गालाशी धरून, सगळे दात दाखवून, अगदी खुशीत हसत होती. आई अशी हसताना दिसली तर डब्यात कोण काय टाकणार, म्हणून मी तिला कापून काढलं.”